आपल्या नांवाचें वर्तमानपत्र

गेल्या कांहीं वर्षांपासून आमच्या मारेगांव तालुक्यांतील लग्नसमारंभांत एक नवा प्रघात पडूं लागला आहे. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, कीं नवऱ्या मुलाचे मित्र एक मोठा चकचकीत कागद घेऊन मंडपांत फिरूं लागतात. तो दिसण्यांत हुबेहूब वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासारखा असतो. वर ठळक अक्षरांत पत्राचें नांव, त्याखालीं तारीख, वार व किंमत, मध्यभागीं वधूवरांचें छायाचित्र, आणि मथळा असा कीं, अमक्या गांवच्या तरुणास आजन्म कारावास! एका कोपऱ्यांत हवामान दिलेलें असतें : माहेरीं पाऊस, सासरीं स्वच्छ ऊन. लोक हंसतात, एकमेकांच्या हातांतून पान ओढून घेतात, आणि नवरदेव तें घडी करून जपून ठेवतो. वाढदिवस, बारसें, सेवानिवृत्ति, शाळेचा निरोपसमारंभ, कोठेंहि आतां हें पान दिसूं लागलें आहे. संगणकावर छपाईचें काम करणाऱ्या दुकानांत नांव व छायाचित्र दिलें कीं तासाभरांत तें हातांत पडतें. हल्लीं तर मजकूर लिहिण्याचेहि कष्ट उरले नाहींत. संगणकास वराचें नांव सांगितलें कीं तोच त्याची स्तुति रचून देतो. ह्या प्रघाताविषयीं आमचें मत काय, असें आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं व एकदोन पालकांनींहि विचारलें. तें येथें थोडक्यांत मांडतों. थोडक्यांत मांडूं म्हटलें तरी थोडक्यांत आटोपेलच असें नाहीं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं आम्ही ह्या हौशीचे वैरी नाहीं. आपलें नांव छापलेलें पाहावें ही इच्छा मनुष्यास फार दिवसांपासून आहे. १६८३-८४ च्या हिवाळ्यांत लंडनची थेम्स नदी गोठली. बर्फावर दुकानें थाटलीं गेलीं, गाड्या चालूं लागल्या, आणि एका मुद्रकानें आपलें यंत्रच नदीच्या पात्रांत आणून मांडलें. येणाराजाणारा आपलें नांव, दिवस व साल एका चिठ्ठीवर छापून घेई. दर नांवास सहा पेन्स. जॉन ईव्हलिन नांवाच्या गृहस्थानें आपल्या रोजनिशींत नोंदलें आहे कीं, त्या मुद्रकाची प्राप्ति दिवसाला पांच पौंड होत असावी. म्हणजे हिशेबानें दिवसाकाठीं २०० नांवें झालीं. स्वतः दुसऱ्या चार्ल्स राजानेंहि ३१ जानेवारी १६८४ रोजीं आपलें व आपल्या कुटुंबीयांचीं नांवें तेथें छापून घेतलीं. जी हौस राजाला आवरली नाहीं ती आमच्या नवरदेवानें आवरावी असा आग्रह कोण धरील? जर्मनींत तर लग्नाच्या दिवशीं मित्रमंडळींनीं वधूवरांच्या थट्टेचें खास वर्तमानपत्र काढावें, ही चाल चांगली रुळलेली आहे. आणि १९०२ सालीं कॅप्टन स्कॉट याचें ‘डिस्कव्हरी’ जहाज दक्षिण ध्रुवाच्या बर्फांत अडकून पडलें असतां, खलाशांच्या मनोरंजनार्थ शॅकल्टन यानें ‘साउथ पोलर टाइम्स’ नांवाचें पत्र चालवलें. प्रत्येक अंकाची प्रत एकच. सूर्य महिनोन्महिने दिसत नसतांना ती एक प्रत हातोहात फिरे. वाचणारे मूठभर, बातम्या त्यांच्याच, तरी त्या पत्राची वाट पाहिली जाई.

आपल्याकडेहि ह्या गोष्टीस पूर्वपीठिका आहे. वधूवरांचीं व त्यांच्या वडीलमंडळींचीं नांवें गुंफून नवीं मंगलाष्टकें रचावीं, तीं रंगीत कागदावर छापावीं व मंडपांत वांटावीं, हें महाराष्ट्रांत कितीतरी घरीं होत आलें आहे. जुन्या ट्रंकांच्या तळाशीं असा गुलाबी कागद सांपडतो. घड्यांवर फाटलेला, परंतु आजोबा-आजींचें नांव अजून वाचतां येतें. गुरुजनांस चौकटींत बसवून मानपत्र अर्पण करणें हेंहि त्याच जातीचें. तेव्हां आजचें हें पान मंगलाष्टकांच्या कागदाचें नातवंड आहे असें म्हटल्यास चालेल. मात्र नातवंडानें आजोबांचा एक गुण टाकला आहे. मंगलाष्टकें रचणारा, कवि म्हणून तो कितीहि बेताचा असो, त्या घरासाठीं रात्र जागत असे.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. थट्टा करावयाची तर ती वर्तमानपत्राच्या वेषांत कां करावी? पत्राच्या वेषांत कां नाहीं, कवितेच्या वेषांत कां नाहीं? कारण उघड आहे. छापलेल्या बातमीस लोक मान देतात. ‘पेपरांत आलें आहे’ हे तीन शब्द उच्चारले कीं पारावरचा वाद मिटतो. हा मान कोणी फुकट दिलेला नाहीं. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ‘दर्पण’ सुरू केलें तेव्हां एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी असा मजकूर देऊन त्यांनीं तें १८४० पर्यंत चालवलें. अहमदनगरास १८४२ सालीं ‘ज्ञानोदय’ निघालें. टिळक-आगरकर एका लेखनप्रकरणीं तुरुंगांत गेले तें १८८२ साल. ‘केसरी’ तेव्हां अवघा दीड वर्षांचा होता. आमच्या शेजारच्या वणी गांवीं २९ ऑगस्ट १८८० रोजीं जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनीं यवतमाळांतून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलें. तेंच नांव १९७१ सालीं नागपुरांतून निघालेल्या दैनिकानें धारण केलें. अशा अनेकांच्या कष्टांनीं छापलेल्या ओळीला वजन आलें आहे. आपण त्या वजनाचा उपयोग विनोदासाठीं करतों; करावा, परंतु तें वजन कोणाच्या डोक्यावर पडत नाहीं ना, एवढें पाहावयास नको काय?

हें आम्ही पुस्तकी म्हणत नाहीं. २०२४-२५ च्या हंगामांत, कापूस घरांत येऊन पडला होता त्या दिवसांत, तालुक्यांतील एका लग्नास आम्ही गेलों होतों. नवऱ्या मुलाचे मित्र आमच्याच शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांनीं मोठ्या हौसेनें पान काढलें होतें, आणि तें अस्सल दिसावें म्हणून एका प्रसिद्ध दैनिकाचें नांव जसेंच्या तसें वर घातलें होतें. मुख्य मथळा लग्नाचा. त्याच्या शेजारीं तांबड्या चौकटींत दुसरी बातमी होती : ‘विवाहाच्या आनंदांत सरकारचा निर्णय, कापसाला क्विंटलमागें १५,००० रुपये भाव!’ खालीं बारीक अक्षरांत, हा भाव फक्त वरपक्षाच्या कापसास लागू, असा विनोद होता. त्या वर्षीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता व व्यापारी त्याहून कमीच बोलत होते. त्यामुळें विनोद चांगला साधला. सर्व मंडप हंसला. आम्हीहि हंसलों, आणि मुलांच्या पाठीवर थाप मारली.

त्या मंडपांत नवऱ्या मुलाचे लांबच्या नात्यांतील एक वृद्ध मामा होते. चष्मा घरीं राहिलेला. मोठीं अक्षरें त्यांस वाचतां आलीं, बारीक आलीं नाहींत. आणि लोक हंसले तें आनंदानें हंसले असें त्यांस वाटलें. पान घडी करून त्यांनीं बंडीच्या खिशांत ठेवलें. दुसऱ्या दिवशीं दारीं आलेल्या व्यापाऱ्यानें ७,१०० रुपये देऊं केले, त्यास त्यांनीं परत लावलें. घरांत बारा क्विंटल कापूस होता. कोणाला कांहीं न सांगतां ते पंधरा दिवस थांबले. पंधरा दिवसांनीं बाजारांत जाऊन त्यांनीं तें पानच काढून पुढें धरलें, तेव्हां तेथें काय झालें असेल तें वाचकांनीं ताडावें. कापूस अखेर ६,९०० ला गेला. बारा क्विंटलांवर दोन-दोनशे, म्हणजे २,४०० रुपये, ज्याच्या घरीं मजुरी थकली आहे त्याला लहान नव्हेत. पण आम्हांस त्याहून अधिक लागली ती दुसरी गोष्ट. बाजारांतून आल्यावर कित्येक दिवस ते पारावर बसावयास आले नाहींत.

मुलांना हें कळलें तेव्हां तीं पैसे घेऊन त्यांच्या घरीं गेलीं. तीं वाईट मुलें नाहींत; त्यांच्या मनांत कोणास फसविण्याचा विचार स्वप्नांतहि नव्हता. मामांनीं पैसे घेतले नाहींत. पान मात्र त्यांनीं फेंकलेंहि नव्हतें. भिंतीवरच्या कोनाड्यांतून काढून दाखविलें व म्हणाले, “भाव खोटा निघाला तं निघाला बापू. पोराचा फोटू तं खरा हाय ना?”

ही हकीकत ऐकल्यापासून त्या दिवशींचें आमचें हंसणें आम्हांस आठवतें. मुलांस आम्ही शाळेंत निबंध लिहावयास शिकविलें, शुद्धलेखन शिकविलें, वर्तमानपत्र कसें वाचावें हेंहि शिकविलें. तें सोंग म्हणून काढतांना कोणती काळजी घ्यावी, हें शिकविण्याचें आमच्या ध्यानांत आलें नाहीं. तें आतां सांगतों. दुसऱ्याच्या पत्राचें नांव घेऊं नये. आपल्या पानास आपलें नांव द्यावें. ‘मांडव समाचार’ म्हणा, ‘मामांचा केसरी’ मात्र म्हणूं नका. थट्टा अशी असावी कीं चष्मा नसलेल्या मनुष्यासहि ती थट्टाच दिसावी. बाजारभाव, सरकारी योजना, कर्जमाफी, परीक्षेच्या तारखा, आजार आणि मरण हे विषय वर्ज्य समजावे, कारण ह्यांच्या बातमीची कोणी तरी खरोखर वाट पाहत असतो. लग्नांतलें पान लग्नांतच राहतें असेंहि कोणी समजूं नये. कोणी तरी त्याचें छायाचित्र मोबाईलवर घेतो, तें दुसऱ्यास पाठवितो, तिसऱ्याकडे पोंचतांना मंडप व नवरदेव गळून पडलेले असतात आणि तांबडी चौकट तेवढी उरते. खऱ्या पत्राच्या नांवाखालीं खोट्या बातम्या पसरविण्याचा धंदा करणारे लोक आज आहेतच. त्यांच्या हातीं आपण आयता माल कां द्यावा?

एक जुना नियम येथें उपयोगी पडण्याजोगा आहे. १८६७ च्या कायद्यानें छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण घालणें भाग होतें. त्या कायद्याची जागा आतां २०२३ च्या नव्या कायद्यानें घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अंमलांत आहे. तो नियतकालिकांसाठीं आहे. लग्नांतल्या एका पानास नोंदणीची गरज नाहीं. तरी आमच्या मुलांनीं पानाच्या तळाशीं एक ओळ आपण होऊन घालावी : हें पान अमक्यांनीं, अमक्याच्या लग्नांत, गमतीसाठीं काढलें. ज्याखालीं आपलें नांव घालावयास संकोच वाटेल तो मजकूर मुळांतच नसावा.

दुकानांतून तयार मिळणाऱ्या पानांविषयीं आमची तक्रार निराळी आहे. तीं खोटीं नसतात. तीं कोणाचींच नसतात. आमच्याकडे एका वर्षांत आलेलीं अशीं चार पानें आम्हीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. चारहि वर ‘हंसतमुख, मनमिळाऊ व सर्वांचे लाडके’. त्यांपैकीं एकास आम्ही दहा वर्षें ओळखतों. ते गृहस्थ अत्यंत प्रामाणिक आहेत, गणितांत निष्णात आहेत, परंतु हंसतमुख? त्यांच्या स्वभावांत आहे तें लिहिलें असतें तर त्यांस किती बरें वाटलें असतें! दुकानदारास आम्ही दोष देत नाहीं. तो तरुण दिवसभर यंत्रापुढें बसून पोट भरतो. गिऱ्हाईकानें मजकूर दिला तर तो आनंदानें तोच घालील. गिऱ्हाईकच रिकाम्या हातानें जातें.

ह्या पानांचा आणखी एक प्रकार असा कीं, ‘तुमच्या जन्मदिवशीं जगांत काय घडलें’ हें छापून द्यावयाचें. तुम्ही जन्मला त्या दिवशीं कोणतें युद्ध चालूं होतें, कोणता सामना कोण जिंकलें, सोन्याचा भाव काय होता. कल्पना मनोरंजक आहे. परंतु आमच्या भागांत तिला पहिलीच ठेंच लागते ती जन्मतारखेची. घरांतल्या वृद्धांच्या शाळेच्या दाखल्यांवर पाहा : १ जून, १ जुलै, पुन्हां १ जून. गुरुजींनीं मूल पाहिलें, वय अदमासें ठरविलें व सोयीची तारीख लिहिली. तेवढ्या एका दिवशीं अर्धा तालुका जन्मला असें म्हणावें लागेल! जे शाळेंतच गेले नाहींत त्यांस आधारपत्रानें १ जानेवारी बहाल केली आहे. अशा मनुष्याच्या हातांत त्या दिवशींच्या जगाच्या बातम्या ठेवून आपण त्याला काय दिलें?

ह्याच अडचणींतून आमच्या आठवीच्या वर्गांतील एका मुलीनें वाट काढली, ती सांगण्यासारखी आहे. तिला आपल्या आजीसाठीं वाढदिवसाचें पान काढावयाचें होतें. शहरांतल्या आत्येकडे तिनें तसें पाहिलें होतें. दुकानाचे पैसे जवळ नव्हते. तेव्हां तिनें चित्रकलेचा मोठा कागद घेतला, पट्टीनें चार रकाने आंखले, आणि बातम्या गोळा करावयास आजीजवळच जाऊन बसली. आजीला जन्मतारीख ठाऊक नव्हती. एवढें ठाऊक होतें कीं आपण तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं जन्मलों, कारण दारांत पोरांचे लांकडी बैल फिरत होते असें तिच्या मायनें सांगितलें होतें. साल कोणास सांगतां येईना. म्हणून अंकावर तारीख अशी पडली : ‘तान्हा पोळा, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा’. तिथि तेवढी, साल नाहीं.

पहिली बातमी १९७२ च्या दुष्काळाची. सारा महाराष्ट्र त्या दुष्काळांत पोळला हें आम्ही इतिहासाच्या तासास सांगतों. परंतु नव्यानेंच लग्न होऊन आलेली आजी त्या वर्षीं कमरेला दोर बांधून विहिरींत उतरे व वाटीनें पाणी भरी, हें त्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. दुसऱ्या रकान्यांत बैलांचीं नांवें व ते केव्हां गेले त्यांचें वृत्त. जाहिरात अंबाडीच्या भाजीची : ‘आमची दुसरीकडे शाखा नाहीं’. आणि शेवटच्या रकान्याच्या तळाशीं, वर्तमानपत्रांत असते तशी, चूकदुरुस्ती. ती आम्हीं उतरवून घेतली आहे. ‘आजीला गोड आवडत नाहीं, असें ह्या घरांत आजवर समजलें जात होतें. तें चुकीचें आहे. आजीला गोड आवडतें. पूर्वी सर्वांना पुरत नसे म्हणून ती नको म्हणत असे.’

मुलीचे वडील आमच्याकडे आले होते. ही ओळ वाचून दाखवीत असतां ते मध्येंच थांबले व दुसरेंच बोलूं लागले. पन्नाशीचा मनुष्य; आईच्या हाताखालीं वाढलेला, तिच्याच ताटाशेजारीं जेवलेला. ही गोष्ट त्याला मुलीच्या पानांतून कळली, आणि ती मुलीला कळली ती तिनें विचारली म्हणून. वर्तमानपत्राचें सोंग घेतल्यानें एवढें झालें कीं मुलीला विचारण्याचा अधिकार मिळाला. एरवीं आठवींतली पोर आजीला ‘तुला काय आवडतें?’ असें कागद-पेन्सिल घेऊन विचारती काय? आणि आजी तरी सांगती काय?

आम्ही जें पान योग्य म्हणतों तें अशा प्रकारचें. त्यासाठीं लागतें तें सामान सांगतों, म्हणजे मुलांस अडचण पडूं नये. रोजच्या वर्तमानपत्राचा कागद घेऊं नये. तो लांकडाच्या लगद्याचा असल्यामुळें उन्हांत थोड्याच दिवसांत पिंवळा पडतो व पुढें चुरतो. चित्रकलेचा जाड कागद बरा. झरणीच्या निळ्या शाईचीं अक्षरें कालांतरानें फिकटतात. काळी चित्रकलेची शाई टिकते. काजळाच्या शाईनें लिहिलेल्या जुन्या पोथ्या अजून लख्ख आहेत, हें पालकांनीं पाहिलेंच असेल. छायाचित्र चिकटवावयाचें तर खळीनें चिकटवावें, चिकटपट्टीनें नव्हे. चिकटपट्टी कागदावर तांबूस डाग पाडते. प्रती अधिक हव्या असल्यास मूळ पान हातानें करून त्याच्या छायाप्रती काढाव्या. दुकानांत जाण्यास आमची हरकत ह्या कामापुरती मुळींच नाहीं. ज्यांच्या घरीं कोलामी किंवा गोंडी बोलतात त्यांनीं आपलें पान त्याच बोलींत, आपल्या ह्याच अक्षरांत लिहावें. पोडावरच्या आजोबांची गोष्ट पुस्तकी मराठींत आणतांना तिच्यांतील निम्मा जीव जातो, हें आमच्या मुलांनींच आम्हांस सांगितलें आहे.

पालकांपाशीं एक मागणें आहे. मूल पाटी-पेन्सिल घेऊन विचारावयास आलें तर ‘अभ्यास कर’ म्हणून त्याला उठवूं नका. तुमच्या लग्नांत कोणता बैल उधळला, पहिली मजुरी किती मिळाली, कोणत्या पुरांत घर गेलें, कोणाशीं भांडण झालें व तें कसें मिटलें, हें त्याला सांगा. भांडणाची बातमी छापावी कीं नाहीं तें तुम्ही दोघे मिळून ठरवा. संपादकाला हें रोजच ठरवावें लागतें.

येत्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं ग्रंथालयाची उत्तरेकडील भिंत ह्या पानांसाठीं मोकळी ठेवण्याचें आम्हीं योजलें आहे. दिवाळीच्या सुट्टींत ज्यांनीं घरच्या कोणा एका माणसाचें पान तयार केलें असेल त्यांनीं तें वर्गशिक्षकांकडे द्यावें. पाहून झाल्यावर तें न चुकतां परत मिळेल. त्या माजी विद्यार्थ्यांनींहि मामांसाठीं एक नवें पान करण्याचें कबूल केलें आहे. नवऱ्या मुलाचें छायाचित्र तेंच, कापसाचा भाव नाहीं. आजीचें पान मात्र भिंतीवर नसेल. आम्हीं मागून पाहिलें. ती तें घराबाहेर देत नाहीं.